दहापैकी किती दुखते?

माझी कंबर पूर्ण बरी होईल असे आजवर एकाही डॉक्टरांनी खात्रीने सांगितलेले नाही, आणि ती कधीच बरी होणार नाही असेही कोणी म्हटलेले नाही. दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या माणसाचे बहुतेक आयुष्य या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जाते. हाताला प्लास्टर घातले की ते केव्हा निघणार हे ठरलेले असते. बाळंतिणीचा सव्वा महिना घरातील प्रत्येकाला ठाऊक असतो. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या किंवा पुनःपुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला मात्र अशी मुदत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, अशा जुनाट वेदनेची स्वतंत्र आणि सविस्तर नोंद करण्यात आली. तोपर्यंत ती बहुतांशी दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे लक्षण म्हणूनच धरली जात असे.

या दुखण्याबरोबर येणारी चिंता, चिडचिड आणि उदासी यांविषयी मला लिहायचे आहे. घरात आणि दवाखान्यातही त्यांच्याकडे दोनच प्रकारे पाहिले जाते. एक तर "दुखतंय म्हणून चिडते, कमी झालं की बरी होईल" असे म्हणून त्या बाजूला ठेवल्या जातात, नाही तर "हे सगळं मनाचं आहे" असे म्हणून मूळ दुखणेच खोटे ठरवले जाते. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. मनाची अवस्था ही दुखण्याच्या घडणीतलाच एक भाग आहे, आणि म्हणून तिची चौकशी त्याच तपासणीत आणि तिच्यावरचा उपचार त्याच कागदावर व्हायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. फळ्यावर लिहिणे, लागोपाठच्या तासांना उभे राहणे, वह्यांचे गठ्ठे उचलणे आणि रोज दुचाकीवरून जाणे-येणे यांत कंबरेला फारशी उसंत नसते, तरी माझ्या दुखण्याची सुरुवात काही अपघाताने झाली नाही. एका पावसाळ्यात उसण भरली, आठवड्याभरात उतरली, पुन्हा भरली, आणि पुढे डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ आणि मुंग्या उतरू लागल्या. एमआरआय काढला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीची झीज झाली असून ती फुगली आहे, असे अहवालात लिहिले होते. हा अहवाल नातेवाइकांत आणि शिक्षकांच्या खोलीत "मणक्यात गॅप आलाय" एवढ्या एका वाक्यात पोहोचला. "मॅडम, आता खाली वाकायचं नाही हं," "भरलेली बादली अजिबात उचलू नका," "आमच्या चुलत्यांचं असंच झालं होतं, शेवटी पायच गेला त्यांचा." सांगणाऱ्यांना माझी काळजी होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवसांपासून मी वाकताना श्वास रोखू लागले, खाली पडलेला खडू मुलांकडून उचलून घेऊ लागले, गतिरोधक दिसला की शंभर पावले आधीच अंग आवळू लागले.

त्या वेळी कोणी मला एक गोष्ट सांगायला हवी होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्यांना कंबरदुखी नव्हती अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांमध्ये आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये चकतीची झीज दिसली. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण चाळिशीत जवळपास निम्मे होते. म्हणजे माझ्या अहवालात जे लिहिले होते, ते माझ्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या अहवालात निघाले असते. एमआरआयचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नव्हे. पायातली ताकद कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, दुखण्यासोबत ताप येणे किंवा कारण नसताना वजन उतरणे यांपैकी काही असेल तर एक दिवसही वाट न पाहता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. पण यांपैकी काहीही नसताना कागदावरच्या शब्दांनी माणसाच्या मनात जी भीती बसते, तिची जबाबदारी कोणीच घेत नाही.

भीतीचा हा मार्ग मानसशास्त्रात चांगला अभ्यासलेला आहे. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये त्याची मांडणी विस्ताराने केली. दुखण्याचा अर्थ 'आतमध्ये काहीतरी तुटते आहे' असा लावला की माणूस हालचाल टाळतो. हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे होतात, बाहेर जाणे कमी होते, आवडीची कामे सुटतात, आणि मन खचते. खचलेल्या मनाला तेच दुखणे अधिक जाणवते, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. मी हे वाचले तेव्हा माझीच दैनंदिनी कोणी लिहून ठेवली आहे असे मला वाटले.

मनाचा आणि वेदनेचा संबंध हा सांत्वनापुरता बोलण्याचा विषय नाही. तो शरीरातल्या प्रत्यक्ष मार्गांनी जोडलेला आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असे मांडले की, शरीराच्या एखाद्या भागातून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. मज्जारज्जूत त्याला जणू एक दार लागते, आणि ते किती उघडायचे हे ठरवण्यात मेंदूतून खाली येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो. त्यांच्या सिद्धान्तातील तपशील पुढे बदलले. पण भीती, लक्ष, अपेक्षा आणि आठवणी यांना वेदनेच्या मार्गात प्रत्यक्ष स्थान आहे, हा त्यातला गाभा टिकून राहिला. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी पाहिले होते की, गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुतेकांना विचारले असता ते वेदनाशामक नको म्हणत. बीचर यांनी त्याचा संबंध त्या जखमेच्या अर्थाशी जोडला, कारण सैनिकाच्या दृष्टीने ती जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका होती. तेवढाच घाव शांततेच्या काळातल्या माणसाला झाला, तर त्याच्यापुढे नोकरीची, घराची, कर्जाच्या हप्त्यांची चिंता उभी राहते.

दुखणे लांबले की चेतासंस्थाही बदलते. पाणी ज्या सरीने वारंवार सोडले जाते ती सरी जशी खोल होत जाते, तसे वेदनेचे संदेश वाहून नेणारे मार्ग सरावाने अधिक संवेदनशील होतात, आणि मग साध्या स्पर्शाला, थंडीला किंवा थोड्याशा ताणालाही ते जोराने प्रतिसाद देतात. चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये मज्जारज्जूतील असा बदल प्रयोगातून दाखवला. मूळ इजा भरून आल्यानंतरही दुखणे का राहू शकते, याचे हे एक महत्त्वाचे उत्तर आहे, आणि ज्यांच्या सर्व तपासण्या 'नॉर्मल' येतात अशांना खोटे ठरवण्यापूर्वी ते प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या केली. तिच्यात वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा अनुभव म्हटले आहे, आणि सोबतच्या टिपणांत, माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला जावा, असे स्पष्ट नोंदवले आहे.

रोजच्या जगण्यात मात्र हा मान सहज मिळत नाही, कारण दुखणे आज आहे आणि उद्या नाही असे असते, आणि लोकांना सातत्य हवे असते. सकाळी ज्या बाईने वर्गात तास घेतला, तीच बाई संध्याकाळी हळदीकुंकवाला खाली सतरंजीवर बसू शकत नाही, हे पाहणाऱ्याला पटत नाही. शाळेच्या सहलीला मी नकार दिला तेव्हा, "पण परवा तर तुम्ही छान चालत होता," असे मला ऐकावे लागले. रजेसाठी प्रमाणपत्र जोडताना आपण काहीतरी सिद्ध करतो आहोत अशी भावना येते, आणि ती इतकी शीण आणणारी असते की पुढच्या वेळी माणूस रजा न घेता उभा राहतो आणि रात्री त्याची किंमत मोजतो.

ही किंमत मोजण्याची पद्धत माझ्या घरी गौरी-गणपतीत सर्वात स्पष्ट दिसते. गौरी जेवणार त्या दिवशी कंबर बरी असेल, तर इतक्या दिवसांचा अनुशेष भरून काढावा अशी उमेद येते. शिजलेल्या डाळीचे जड पातेले ओट्यावरून उचलून चाळणीत उपडे करायचे आणि कट गाळून घ्यायचा, पुरण वाटायचे, कणीक तिंबायची, पोळ्या लाटताना एका पायावर भार देऊन उभे राहायचे, मधेच खालच्या कप्प्यातले मोठे ताट काढायला वाकायचे. यातले एकही काम त्या क्षणी जड वाटत नाही. आरती होते, नैवेद्य होतो, पाहुणे जेवून "पोळी फार सुरेख झाली हो" म्हणून जातात, आणि विसर्जनाच्या दिवशी मला कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागते. त्यानंतर जी उदासी येते ती केवळ दुखण्याची नसते. सणाच्या दिवशी मी पूर्वीसारखी होते, आणि त्याची शिक्षा झाली, असे मनाला वाटत राहते. बऱ्या दिवशी अति करणे आणि वाईट दिवशी अंथरूण धरणे ही जुनाट दुखण्यातली फार ओळखीची रीत आहे. दुखणे नसतानाही ठरलेल्या वेळी थांबणे आणि दुखत असतानाही ठरलेले थोडे तरी करणे, हा त्यावरचा उपाय सांगायला सोपा आणि पाळायला अत्यंत अवघड आहे. पातेले आता यजमान उचलतात. ते मागितल्यावर मदत करतात. मागणे मात्र मलाच शिकावे लागले.

झोपेविषयी थोडक्यात सांगते. दुखण्याने झोप मोडते हे सर्वांना माहीत असते, पण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना सहन करण्याची क्षमता घटते, हे फारसे बोलले जात नाही. जागरणानंतरच्या सकाळी मी मुलांवर आवाज चढवते, आणि त्याचा अपराधीपणा दिवसभर सोबत राहतो.

ही अवस्था माझ्या एकटीची नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात ५० देशांतील अभ्यास एकत्र पाहिले गेले, आणि जुनाट वेदना असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांमध्ये नैराश्याची, आणि जवळपास तितक्याच लोकांमध्ये चिंतेची, उपचाराची गरज भासावी इतकी लक्षणे आढळली. संबंध दोन्ही बाजूंनी आहे: दुखणे असणाऱ्यांना नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते, आणि नैराश्य असणाऱ्यांमध्ये दुखणे जडण्याची आणि टिकण्याचीही. आत्महत्येचे विचार येण्याचा धोकाही जुनाट वेदनेत वाढतो. तरीही मी ज्या डॉक्टरांकडे जात होते, त्यांच्या केसपेपरवर कितीतरी काळ माझ्या मनःस्थितीविषयी एकही शब्द नव्हता.

पुढे एका डॉक्टरांनी मला ड्युलोक्सेटिन लिहून दिले. घरी आल्यावर यजमानांनी मोबाइलवर शोधले, आणि ती नैराश्याची गोळी आहे हे कळल्यावर घरात शांतता पसरली. "तुला असं काय झालंय, की ही गोळी लागावी?" असे माझ्या आईने फोनवर विचारले, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मेंदूतून मज्जारज्जूकडे येऊन वेदनेचे संदेश दाबणारे जे मार्ग आहेत ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवर चालतात, आणि नैराश्यावरची ही औषधे त्यांचीच उपलब्धता वाढवतात. ॲमिट्रिप्टिलिन हे जुने औषध तर वेदनेसाठी १० किंवा २५ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत देतात, जी नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी आहे. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत, आणि पडली तरी दुखणे पूर्णपणे घालवत नाहीत; तोंड कोरडे पडणे, मळमळ, झापड असे त्रासही होतात, आणि ती आपल्या मनाने अचानक बंद करता येत नाहीत. पण मला राहून राहून वाटते की वर्षानुवर्षे डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या खाऊन जठर आणि मूत्रपिंड पणाला लावणे आपल्याकडे सभ्य मानले जाते, आणि ही गोळी मात्र लपवून ठेवावी लागते, हे बदलले पाहिजे. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ मध्ये, जिथे दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी, पॅरासिटामॉल आणि दाहशामक गोळ्या सुरू करू नयेत असे सांगितले, आणि व्यायाम, मानसोपचार व नैराश्यविरोधी औषधे यांचा विचार करावा असे सुचवले.

मला सर्वाधिक उपयोग चालण्याचा झाला, आणि त्यातही एका फिजिओथेरपिस्ट ताईंच्या एका वाक्याचा: "दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही, दुखणं थोडं वाढलं आणि रात्रीपर्यंत मूळपदावर आलं तर चालेल." या वाक्याने माझी कितीतरी भीती उतरली. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कंबरदुखीतून बरे झालेल्या लोकांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालायला लावले, तेव्हा दुखणे पुन्हा उलटण्यापर्यंतचा मध्यम काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. मी रोज सकाळी मैदानाभोवती चालते, आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी अर्ध्या फेरीवर थांबते.

माझ्याइतकेच मला सासूबाईंविषयी लिहायचे आहे. त्यांचे गुडघे कितीतरी वर्षांपासून दुखतात, आणि माझ्या दुखण्याच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या न बोलण्याचे मला दडपण येई. "अगं, सांगून का कुणाचं दुखणं कमी होतंय?" असे त्या म्हणत, आणि घरात सगळे त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक करीत. पण नीट पाहिले तेव्हा वेगळेच दिसू लागले. पहिल्यांदा त्यांनी भजनी मंडळात जाणे सोडले, कारण तिथे मांडी घालून बसावे लागे आणि एकटीने खुर्चीवर बसणे त्यांना बरे वाटेना. मग शेजारी जाणे थांबले, मग एकादशीला देवळाच्या पायऱ्या, मग माहेरचे लग्न. जेवण कमी झाले. पहाटे तीनला जाग येऊ लागली. आवडीची मालिका लावली तरी त्या भिंतीकडे पाहत बसत. यातले काहीही आम्हाला उदासी वाटले नाही. "वयानुसार व्हायचंच" असे सगळेच म्हणत राहिले. दुखणे हे एकच कारण आमच्यासमोर होते, आणि त्याच्या आड दुसरे काही वाढत होते. आपल्याकडच्या किती वयस्क बायका अशा गुडघ्यांच्या नावाखाली एकेक गोष्ट सोडत जातात, याचा विचार केला की मला फार अस्वस्थ वाटते. त्यांच्या पिढीला "मन लागत नाही" असे डॉक्टरांसमोर म्हणायचे असते हेच कोणी सांगितलेले नाही. गुडघा दाखवता येतो, म्हणून त्या गुडघा दाखवतात.

तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणे कठीण असते हे खरे आहे. तरी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. रात्री-अपरात्री विचार भलतीकडे जाऊ लागले तर तो क्रमांक लावण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

सासूबाईंना मी ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी "दुखणे दहापैकी किती?" एवढ्यावर न थांबता तीन प्रश्न विचारले. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखले, त्या दुखण्याने जगण्यातल्या आनंदात किती अडथळा आणला, आणि रोजच्या कामांत किती. ही शून्य ते दहा गुणांची लहानशी प्रश्नावली अमेरिकेत २००९ मध्ये सर्वसाधारण दवाखान्यांसाठी तयार झाली, आणि ती विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या प्रश्नाला सासूबाईंनी पाच म्हटले. दुसऱ्या प्रश्नाला त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग माझ्याकडे न पाहता त्यांनी नऊ म्हटले. डॉक्टरांनी दोन्ही आकडे केसपेपरवर लिहिले, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, झोप आणि भूक यांची सविस्तर चौकशी केली, आणि एक औषध कमी मात्रेत सुरू केले. ते कशासाठी आहे हे त्यांनी सासूबाईंना स्वतः, मराठीत, समजावून सांगितले. दीड महिन्याने पुन्हा दाखवायचे आहे. तेव्हा हेच तीन प्रश्न विचारले जातील, आणि त्यांतला दुसरा आधी विचारावा, अशी विनंती मी करणार आहे.